उत्खननाच्या नोंदी कुणासाठी खुल्या?

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांची ही वस्ती साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात नांदती होती. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण पुरलेला होता आणि रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा होता. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना बहुधा त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. याचे पाय मात्र शाबूत होते. या घराला धान्याचे कोठारही होते. या साऱ्याची सांगड घालून म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, या वस्तीला प्रमुख होता आणि समाजात लहानमोठेपणाच्या पायऱ्या होत्या.

उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये निघाला. तो भरघोस आहे. नकाशे, रेखाटने, तक्ते यांची त्यात कमतरता नाही. पण आज एखाद्या विद्यार्थ्याला प्रमुखाबद्दलचे हे अनुमान स्वतः तपासून पाहायचे असेल, तर त्याला शेजारच्या प्रत्येक घराचे माप, प्रत्येक घरातली खापरे, हाडे, मणी आणि ते ज्या थरात मिळाले तो थर, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागेल. छापील तक्त्यातले आकडे त्यासाठी एकेक करून पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. शिवाय कुठल्याही उत्खननात अहवालाबाहेर राहिलेले असे बरेच असते: खंदकप्रमुखाची रोजनिशी, सेक्शनची चित्रे, निगेटिव्ह, अँटिक्विटी रजिस्टर आणि खापरांच्या प्रत्येक पिशवीत घातलेली स्थळ, वर्ष, खंदक, थर, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी.

या कच्च्या नोंदी वेबवर सर्वांसाठी ठेवाव्यात का, ठेवल्या तर किती, कोणत्या रूपात, आणि त्या सांभाळायच्या कुणी, हा गेली तीस वर्षे जगभर चाललेला वाद आहे. त्याची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

छापील अहवालाची शिस्त

या वादाचे मूळ उत्खननाच्या स्वभावातच आहे. रसायनशास्त्रातला प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. टेकाडाचा थर एकदा काढला की तो गेला. मागे राहतात त्या वस्तू आणि त्यांच्याबद्दलच्या नोंदी. वस्तू संग्रहालयात जपली आणि तिची नोंद हरवली, तर ती वस्तू जवळजवळ मुकी होते.

हे पुरातत्त्वज्ञांना फार लवकर कळले होते. इंग्लंडमध्ये पिट-रिव्हर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रॅनबोर्न चेसच्या उत्खननांचे खंड स्वखर्चाने छापले आणि क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंचीही त्यात नोंद केली. आज निरुपयोगी वाटणारी गोष्ट उद्याच्या अभ्यासकाला हवी असेल, ही त्यामागची दृष्टी होती. तीच शिस्त मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून आल्यावर इथे रुजवली. तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरातून तयार झालेली पिढी पुढे देशभर उत्खनने करत राहिली. १९५३-५४ पासून ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हे वार्षिक निघू लागले आणि कुठे काय सापडले याची वर्षवार नोंद एका ठिकाणी मिळू लागली. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाचा अहवाल १९६० मध्ये, म्हणजे उत्खनन संपल्यावर थोड्याच वर्षांत, सहकाऱ्यांसह छापून काढला.

पण नेवाशाचा वेग हा अपवाद ठरला. उत्खनन जितके मोठे, तितका अहवालाला उशीर होतो. प्रमुख निवृत्त होतो, निधी संपतो, चित्रकार मिळत नाही, खापरे वर्षानुवर्षे गोदामात पडून राहतात. ही कथा केवळ भारताची नाही. इटली, ग्रीस, इजिप्तमध्येही न छापलेल्या उत्खननांची यादी लांब आहे. वेबकडे पुरातत्त्वज्ञ वळले त्यामागे नव्या तंत्राचे आकर्षण जेवढे होते, त्याहून ही साठलेली थकबाकी अधिक होती.

यॉर्कपासून चातालह्युयुकपर्यंत

१९९६ हे या क्षेत्रातले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी यॉर्क विद्यापीठात आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस ही संस्था उभी राहिली आणि ‘इंटरनेट आर्किऑलॉजी’ हे केवळ वेबवर निघणारे नियतकालिकही सुरू झाले. ब्रिटनमध्ये याची गरज निर्माण झाली होती ती १९९० च्या एका नियोजन-मार्गदर्शिकेमुळे. बांधकामाआधी जागेचे पुरातत्त्वीय परीक्षण व्हावे आणि त्याचा खर्च विकासकाने सोसावा, असे तिने रूढ केले. उत्खननांची संख्या झपाट्याने वाढली. अहवाल मात्र चार-दोन प्रतींत निघून कचेरीच्या कपाटात जात. असे हजारो अहवाल आता यॉर्कच्या संग्रहात कुणालाही वाचता येतात.

संग्रह हवा, हे पटवून देणारा प्रसंगही लवकरच घडला. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम संग्रहालयाची पुरातत्त्व शाखा १९९८ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामाच्या दोनशेहून अधिक फ्लॉपी यॉर्कला पोहोचल्या. काही फाइली उघडल्याच नाहीत. काही उघडल्या, पण त्या कुठल्या उत्खननाच्या आणि त्यातल्या खुणांचा अर्थ काय, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. कागद कोरड्या खोलीत शंभर वर्षे टिकू शकतो. फ्लॉपी दहा वर्षांत वाचेनाशी झाली. तेव्हापासून या क्षेत्रातले लोक दोन कामे वेगळी मानतात. वेबवर चढवणे हे एक काम, आणि जतन करणे हे दुसरे. जतन म्हणजे फाइली साध्या, टिकाऊ स्वरूपात ठेवणे, तंत्र बदलले की त्या नव्या स्वरूपात नेणे, आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ लिहून ठेवणे.

याच दशकात तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक इथे इयान हॉडर यांनी १९९३ पासून नव्याने काम हाती घेतले. तिथे खोदणाऱ्यांच्या रोजनिशा, मतभेद, अर्थ लावण्याचे प्रयत्न हे सगळेच नोंदवून सार्वजनिक करण्यावर भर होता. वस्तुनिष्ठ नोंद आणि नंतरचा अर्थ असे दोन स्वच्छ कप्पे नसतात. कुदळ कुठे थांबवायची हा निर्णयही अर्थ लावूनच घेतला जातो, अशी त्यामागची भूमिका होती.

अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाशी जोडलेला टीडार आणि एरिक व सारा कान्सा यांनी उभा केलेला ओपन कॉन्टेक्स्ट असे दोन संग्रह पुढे आले. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०११ पासून निधीच्या प्रत्येक अर्जासोबत माहितीच्या व्यवस्थापनाचा आराखडा मागायला सुरुवात केली आणि या हालचालींना बळ मिळाले. खुल्या माहितीतून काय हाती लागते याचा चांगला दाखला २०१४ मध्ये मिळाला. तुर्कस्तानातल्या १७ स्थळांवरच्या दोन लाखांहून अधिक प्राणी-अस्थींच्या नोंदी वेगवेगळ्या अभ्यासकांनी ओपन कॉन्टेक्स्टकडे दिल्या. त्या एकत्र लावल्यावर शेळ्या-मेंढ्या, गुरे आणि डुकरे माणसाळवण्याची प्रक्रिया पूर्वेकडून पश्चिमेकडे एकसारखी सरकली नव्हती, प्रदेशागणिक तिची तऱ्हा वेगळी होती, असे दिसले. कुठल्याही एका स्थळाच्या अहवालातून हे कळणे शक्य नव्हते.

२०१६ मध्ये वैज्ञानिक माहितीसाठी चार कसोट्या प्रसिद्ध झाल्या: माहिती सापडली पाहिजे, मिळवता आली पाहिजे, दुसऱ्या माहितीशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘फेअर’ म्हणतात. युरोपात एरियाडने प्रकल्पाने अनेक देशांचे संग्रह एकाच शोधखिडकीतून पाहण्याची सोय केली.

खुलेपणाच्या बाजूने

खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा पहिला मुद्दा वर आलाच आहे: उत्खनन स्थळ संपवते, म्हणून नोंद ही खोदणाऱ्याची खासगी मिळकत होऊ शकत नाही. त्यातही बहुतेक उत्खनने सार्वजनिक पैशातून होतात.

दुसरा मुद्दा पडताळणीचा. इनामगावात प्रमुख होता की नव्हता, हे आकडे समोर असतील तरच नव्याने बोलता येईल. ढवळीकरांचे अनुमान त्यामुळे डळमळेल असे नाही; कदाचित ते अधिक भक्कम होईल.

तिसरा मुद्दा भारताला फार जवळचा आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन इथल्या मंदिरातून चोरीला गेलेला ब्राँझचा नटराज २००८ मध्ये कॅनबेऱ्याच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने दक्षिणेतल्या मंदिरांची जी छायाचित्रे काढून ठेवली होती, त्यांत हाच नटराज मंदिरात उभा असलेला होता. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली आणि चोरी सिद्ध करणे सोपे झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. उलट उदाहरण लंडनचे. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा नुकसान झालेल्या असल्याचे उघड झाले, आणि त्यांतल्या अनेकांची धड नोंदच नव्हती. त्यानंतर संग्रहालयाने पाच वर्षांत संपूर्ण संग्रह वेबवर आणण्याचा संकल्प सोडला. नोंदलेली, छायाचित्र काढलेली आणि जगाने पाहिलेली वस्तू चोरबाजारात खपवणे अवघड जाते.

आगीचा मुद्दा याच्याच जोडीला येतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. ज्या वस्तूंची प्रत दुसरीकडे कुठे नव्हती, त्या कायमच्या गेल्या.

हात राखून ठेवणाऱ्यांचे म्हणणे

खुलेपणाबद्दल शंका घेणारे सगळे आपापल्या रजिस्टरवर बसून राहिलेले संशोधक असतात, असा समज करून घेणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हरकतींत तथ्य आहे.

सर्वांत गंभीर हरकत ठिकाणाबद्दलची. अक्षांश-रेखांश जाहीर केले की संशोधकाच्या आधी तिथे धातुशोधक यंत्र घेऊन चोर पोहोचतो. म्हणूनच अमेरिकेच्या १९७९ च्या पुरातत्त्वीय साधनसंपत्ती कायद्यात स्थळांचे नेमके ठिकाण गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये सामान्य लोकांना सापडलेल्या प्राचीन वस्तूंची नोंद करणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम प्रत्येक वस्तूचे नेमके ठिकाण नोंदवते. पण वेबवर पाहणाऱ्याला ते ढोबळच दिसते, आणि नेमके हवे असलेल्या संशोधकाला परवानगी घ्यावी लागते. सारा पारकॅक यांच्या ग्लोबलएक्सप्लोरर प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांत लुटीचे खड्डे शोधले, पण समोरचा तुकडा पृथ्वीवर नेमका कुठला आहे हे त्यांना दाखवले जात नसे.

दुसरी हरकत ज्यांचा वारसा आहे त्या समाजांची. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसोबत विकसित झालेल्या मुकुर्तू या प्रणालीत काही छायाचित्रे फक्त स्त्रियांना, काही फक्त ठरावीक कुळांना दिसतात. मृत व्यक्तीचे चित्र दाखवण्यावरही निर्बंध घालता येतात. २०१९ मध्ये आदिवासी समाजांच्या जागतिक मंचाने ‘केअर’ नावाची तत्त्वे मांडली. ‘फेअर’ने विचारले, माहिती वापरता येते का? ‘केअर’ने विचारले, तिच्यावर हक्क कुणाचा, आणि तिचा फायदा कुणाला? भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये असलेल्या नागा पूर्वजांच्या अवशेषांवरून नागा समाजात २०२० पासून संघटित विचारविनिमय चालू आहे. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये एक नागा कवटी लिलावासाठी यादीत आली, तेव्हा नागालँडमधून तीव्र विरोध झाला आणि तो लिलाव मागे घेतला गेला. अशा अवशेषांचे त्रिमितीय मॉडेल उद्या कुणी वेबवर ठेवले, तर ते विज्ञानाला खुलेपण वाटेल. ज्यांचे पूर्वज आहेत त्यांना काय वाटेल, हे त्यांनाच विचारायला हवे. इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेल्या बालकांवर आज हक्क सांगणारा वारस नाही. तेवढ्याने छायाचित्रे कशी आणि कुठे वापरावीत हा प्रश्न संपत नाही.

तिसरी हरकत श्रेयाची, आणि ती तरुण संशोधकाच्या पोटाशी जोडलेली आहे. उन्हातान्हात आठ-दहा हंगाम काढून, एकेक खापर धुऊन, नंबर घालून तयार केलेला तक्ता दुसऱ्याने उतरवून घ्यावा आणि त्यावर आधी शोधनिबंध छापावा, ही भीती खरी आहे. विद्यापीठात बढतीसाठी निबंध मोजले जातात, व्यवस्थित लावलेली माहिती फारशी मोजली जात नाही. ओपन आर्किऑलॉजी डेटासारखी नियतकालिके माहितीसंचालाच स्वतंत्र प्रकाशनाचा दर्जा देतात, कायमचा ओळखक्रमांक देतात, त्यामुळे त्याचा हवाला देता येतो. उपाय चांगला आहे, पण निवड समित्यांनी तो मानला तर.

चौथी हरकत कच्च्या माहितीच्या गैरवापराची. अर्धवट तपासलेली तारीख, एकच मणी, एकच अक्षर यांवरून दुसऱ्या दिवशी भाषिक किंवा धार्मिक अस्मितेचा मथळा होतो. मला ही भीती समजते. पण तिच्यावर दडपणे हा उपाय लागू पडलेला दिसत नाही. माहिती दडली की तर्क वाढतात. तमिळनाडूतल्या कीळडीच्या उत्खननाचा ९८२ पानांचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये सर्वेक्षणाकडे सादर झाला, मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने त्यात दुरुस्त्या मागितल्या आणि उत्खनन करणारे अमरनाथ रामकृष्ण यांनी आपल्या निष्कर्षांवर ठाम असल्याचे सांगितले. थरांच्या तारखांबद्दलचा हा मतभेद शास्त्रीय असू शकतो. त्याचा निवाडा लोकांना करता आला नाही, कारण वादाचा आधार असलेला अहवालच समोर नव्हता. आणि चर्चा राजकीय बाजूंची झाली.

कोकणचा सडा

या दोन्ही बाजू एकाच जागी भेटतात ते ठिकाण आपल्या कोकणात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने नोंदली गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि जुन्या माणसांना विचारून हे काम वाढवले. नोंदलेल्या आकृत्या आज हजाराच्या वर आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या आकृतीत इतर प्राण्यांची गर्दी कोरलेली आहे. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातले पणसायमळ अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

कातळशिल्प म्हणजे उघड्या कातळात कोरलेली एक उथळ चर. तिच्यात माती भरते, पावसाळ्यात गवत उगवते, आणि जवळ जाऊनही ती दिसत नाही. नोंद करायची तर अक्षांश-रेखांश, दिशा, लांबी-रुंदी, चरीची खोली, ड्रोनने घेतलेले चित्र, हाताने काढलेले रेखाटन आणि जमिनीचा सर्व्हे नंबर हे सगळे लागते. शेवटच्या बाबीत अडचण आहे. सडा बहुधा खासगी मालकीचा, आणि सातबाऱ्यावर एकाच कुटुंबातली अनेक नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. ठिकाण जाहीर झाले की पर्यटक येतात, चपला घालून चित्रावर उभे राहतात, मालकाला काहीच मिळत नाही आणि उद्या आपली जमीन सरकारजमा होईल या शंकेने तो दुरावतो.

तर मग ठिकाण गुप्त ठेवावे? लुटीचा धोका इथे लागू होत नाही. पन्नास फुटांचा हत्ती कुणी उचलून नेणार नाही. इथला शत्रू आहे चिरेखाण, रस्ता, घरासाठी केलेले सपाटीकरण. नकाशावर नसलेले शिल्प जेसीबीखाली गेले तर जाब विचारायलाही आधार राहत नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले, आंदोलन उभे राहिले, तेव्हा तिथली कातळशिल्पे राज्यभर चर्चेत आली ती आधीच नोंदली गेली होती म्हणून. प्रकल्प हवा की नको हा वेगळा वाद. पण शिल्पे आहेत हे कुणाला नाकारता आले नाही.

अमेरिकेतल्या दफनभूमीला लागू पडणारा नियम कोकणच्या सड्याला लागू पडत नाही, हा यातला मुद्दा. गुप्तता आणि प्रसिद्धी यांचा निर्णय स्थळ पाहूनच करावा लागतो. आणि ती माहिती फक्त इंग्रजीत, संशोधकांच्या संकेतस्थळावर ठेवून भागत नाही. जमीनमालकाला, ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला वाचता येईल अशा मराठीत, सर्व्हे नंबरासह ती असेल तरच तिचा बचावाला उपयोग होईल.

भारतात आज काय आहे

काहीच झालेले नाही असे म्हणता येणार नाही. ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’चे जुने अंक सर्वेक्षणाने वेबवर ठेवले आहेत आणि कुठल्याही तालुक्याच्या अभ्यासकाला ते घरबसल्या वाचता येतात, वीस वर्षांपूर्वी त्यासाठी पुण्याला किंवा दिल्लीला जावे लागे. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियानाने बारा लाखांहून अधिक पुरावस्तूंची नोंद केली. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली तयार केली आणि तिच्यावर राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह पाहता येतात. २०१९ मध्ये इंडियन कल्चर पोर्टल आले.

तरीही यातले बहुतेक काम स्कॅन केलेली पाने आणि वस्तूंची छायाचित्रे या दोन पायऱ्यांवर थांबलेले आहे. पानाचे चित्र वाचता येते. त्यातला तक्ता दुसऱ्या तक्त्याशी जोडता येत नाही. वस्तूचे छायाचित्र दिसते. ती कुठल्या खंदकात, कुठल्या थरात मिळाली हे बहुतेकदा दिसत नाही. नोंदी अद्ययावत नसल्या की काय होते ते कॅगच्या २०१३ च्या अहवालाने दाखवले: प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. त्यांतली काही पुढे मिळाली, पण संरक्षित स्मारक शोधावे लागणे हीच चिंतेची गोष्ट आहे.

एकाच स्थळाच्या माहितीबाबत दोन रीती कशा नांदतात, याचे उदाहरण हरयाणातले राखीगढी आहे. तिथल्या एका स्त्रीच्या अस्थींतून मिळालेल्या जनुकीय माहितीवर वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा लेख २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला, आणि मूळ जनुकीय माहिती युरोपीय संग्रहात जगाला खुली झाली. त्या शास्त्राचा तो दंडकच आहे. माहिती जमा केल्याशिवाय लेख छापला जात नाही. खंदकाच्या नोंदींसाठी असा दंडक आपल्याकडे नाही.

धोरणाची चौकट मात्र हाताशी आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या माहिती-सामायिकीकरण धोरणात माहितीचे तीन प्रकार आहेत: सर्वांना खुली, नोंदणी करून मिळणारी, आणि अधिकृत परवानगीनेच मिळणारी. खापरांचे तक्ते पहिल्या प्रकारात, नाजूक स्थळांचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यात, मानवी अवशेषांची काही माहिती तिसऱ्यात, अशी वाटणी करायला नवा कायदा लागत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पैशाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण आहे. प्रकल्प तीन किंवा पाच वर्षांचा असतो, माहिती मात्र कायम सांभाळायची असते. यॉर्कची संस्था माहिती जमा करतानाच एकरकमी शुल्क घेते आणि ते उत्खननाच्या अंदाजपत्रकातच धरलेले असते. आपल्याकडे अंदाजपत्रकात मजुरी, तंबू, जीप असते. जतनाचा रकाना नसतो. परिणामी संकेतस्थळ थाटात सुरू होते, निधी संपल्यावर त्याचे नूतनीकरण होत नाही आणि एक दिवस पान उघडत नाही.

दुसरा प्रश्न एकवाक्यतेचा. एकाचा ‘उत्तर जोर्वे’ काळ दुसऱ्याच्या तक्त्यात वेगळ्या तारखांनी येतो. संग्रहालयांच्या जगात संकल्पना जोडण्यासाठी सिडॉक सीआरएम हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण लहान संस्थेला ते झेपत नाही. पीरियडओ या प्रकल्पाचा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. तो कुणावर एक व्याख्या लादत नाही. कुणी, कुठल्या ग्रंथात, कुठल्या प्रदेशासाठी, कोणत्या तारखा दिल्या एवढेच नोंदवतो. मतभेद मिटत नाहीत, पण ते दिसतात.

तिसरा प्रश्न मालकीचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुठल्याही अटीविना खुल्या केल्या. ब्रिटिश म्युझियम व्यापारी वापराला मनाई करते. बर्लिनमधल्या नेफरतितीच्या पुतळ्याचे त्रिमितीय स्कॅन मिळवण्यासाठी एका अमेरिकन कलाकाराला अनेक वर्षे कायदेशीर पाठपुरावा करावा लागला. २०१९ मध्ये ते बाहेर आले तेव्हा मॉडेलच्या तळावर परवान्याच्या अटी कोरलेल्या होत्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तूच्या स्कॅनवर नवा हक्क निर्माण होतो का, यावर देशोदेशीचे कायदे एकमत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी माहिती ओरबाडणारे बॉट आता लहान संग्रहांच्या सर्व्हरवर इतका भार टाकत आहेत की, खुलेपणाचे पुरस्कर्तेही दारावर पहारा ठेवण्याची भाषा करू लागले आहेत. याचे उत्तर अजून कुणाकडे नाही.

या साऱ्या अनिश्चिततेत एक गोष्ट मात्र आजच करता येण्यासारखी आहे. उत्खननाचा परवाना सर्वेक्षण देते. त्या परवान्यात आणखी दोन अटी घालाव्यात: खंदक, थर आणि वस्तूंच्या मूळ नोंदी ठरावीक मुदतीत एका सार्वजनिक संग्रहात जमा करणे, आणि त्या जतनाचा खर्च अंदाजपत्रकात दाखवणे. जमा केलेले सगळे लगेच उघडावे असे नाही. खोदणाऱ्याला अहवालासाठी काही वर्षांची मुदत द्यावी, नाजूक भाग राखून ठेवावा. डेक्कन कॉलेज, राज्य पुरातत्त्व संचालनालय आणि गोव्याचा पुरातत्त्व विभाग यांनी महाराष्ट्र-गोव्यापुरती ही सुरुवात जुन्या उत्खननांपासून करावी. ती रजिस्टरे भरणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि चिठ्ठ्यांवरच्या खुणा वाचून दाखवणारे त्यांच्याशिवाय फारसे कुणी उरलेले नाही.